हनुमंतप्पांचा दाखला देऊन पोरांना रिकाम्या हाताने बर्फात पाठवू नका

थंडी पडली की बेळगाव-खानापूरच्या ट्रेकर ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. "आपल्या धारवाडकडचे हनुमंतप्पा सियाचीनमध्ये सहा दिवस बर्फाखाली जिवंत राहिले. बीकन, प्रोब, फावडं हा कंपन्यांचा धंदा आहे. मोबाईल चालू ठेवा, गाडले गेलात तर थुंकून वर-खाली ओळखा आणि उकरत बाहेर या. पैसे असतील तर एअरबॅग घ्या, मग काळजीच नको." यातली एकही गोष्ट भरवशाची नाही. (बीकन म्हणजे अंगावर बांधायचं, सोबत्यांच्या बीकनला सापडणारं संदेशयंत्र; प्रोब म्हणजे गाडलेला माणूस चाचपायला बर्फात खुपसायची लांब काठी; एअरबॅग म्हणजे दोरी ओढताच फुगून माणसाला बर्फावर ठेवू पाहणारी पाठपिशवी.)

लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद यांचं नाव आमच्या भागात आदरानेच घेतलं जातं. इथे मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सियाचीन घरोघरी माहीत आहे. म्हणूनच ती हकीकत अर्धी सांगू नये. ३ फेब्रुवारी २०१६ ला सुमारे १९,६०० फुटांवरच्या चौकीवर बर्फ कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. हनुमंतप्पा तंबूत होते, तिथे हवेची पोकळी राहिली. सैन्याने रडार, कुत्रे आणि बर्फ कापायची यंत्रं लावून त्यांना शोधलं. बाकीचे नऊ जण वाचले नाहीत, आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत हनुमंतप्पांनीही प्राण सोडला.

उघड्या उतारावर चालणाऱ्याभोवती तंबू नसतो. पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर आला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी उरते, कारण बहुतेक जण गुदमरून जातात. एवढ्या वेळात खालून कुठलं पथक येणार? सोबतचे दोघे-तिघे, तेच काय ते.

थुंकीचं तर सोडूनच द्या. हिमस्खलन थांबताच बर्फ इतका घट्ट बसतो की बोटही हलवता येत नाही. दिशा कळून करणार काय?

मोबाईलचा जीपीएस काही मीटर इकडे-तिकडे दाखवतो, आणि रेंज नसली की तोही दुसऱ्यांना कळवता येत नाही. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडतो. कुठल्याही कंपनीचा बीकन दुसऱ्या कंपनीच्या बीकनला सापडतो. उलट मोबाईलमुळे त्यात अडथळा येतो, म्हणून शोधताना तो किमान ५० सेंटीमीटर लांब ठेवायचा.

एअरबॅग उपयोगी आहे, हे खरं. एका मोठ्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ११ वर आलेलं दिसलं. पण तिथेच पाचातली एक पिशवी फुगलीच नव्हती, बहुतेकदा दोरी ओढायची राहून गेल्यामुळे.

आता फावड्याबद्दल, कारण ओझं कमी करायला सगळ्यात आधी सॅकमधून तेच वगळलं जातं. बीकन जागा दाखवतो, प्रोब खोली सांगतो, पण वेळ जातो तो खणण्यात. दीड मीटर खाली माणूस असेल तर टनभर बर्फ हलवावा लागतो. हाताने तो निघत नाही, प्लास्टिकचं पातं मोडतं. धातूचंच घ्या. प्रोब लागला की तो तसाच ठेवायचा, आणि डोक्यावरून न खणता उताराच्या खालच्या बाजूने आडवं आत शिरायचं. एक जण कापतो, मागचे बर्फ मागे ढकलतात, दमले की जागा बदलतात.

हे आपल्याकडेही शिकता येतं. भाताची कापणी झाली की शिवारं मोकळी असतात. बीकन पोत्यात घालून पिंजराखाली, म्हणजे भाताच्या पेंढ्याखाली, लपवा, लपवणाऱ्याला बाजूला ठेवा आणि घड्याळ लावा. खणण्याचा सराव वाळूच्या ढिगात करा. दहा मिनिटांच्या आत पोतं हाती येईपर्यंत रेल्वेची तिकिटं काढू नका.