खताचा ढीग आणि जळणारा पाचोळा

कोथरूडमधील माझ्या बहिणीच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचे खत करणारे यंत्र गेल्या पावसाळ्यापासून बंद आहे. दुर्गंधी येते, वीजबिल वाढते आणि तयार खत कोणी नेत नाही, या तक्रारींवरून सभासदांत सतत वाद होतो आणि तो हमखास एकाच वाक्यावर येऊन थांबतो: आपल्या लोकांना शिस्तच नाही, परदेशात बघा. त्या परदेशात, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, मी अकरा वर्षे राहते आहे आणि हे निदान मला मान्य नाही.

या शहराने २००९ मध्ये ओला कचरा वेगळा देणे सर्वांना सक्तीचे केले. तरीही हिरव्या डब्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, फळांवरचे स्टिकर आणि काटे-चमचे येतच राहतात; घाई इथल्या माणसांनाही असते. खरा फरक पुढे, खत प्रकल्पात पडतो. तिथे कचरा निवडतात, त्यात फांद्यांचा चुरा मिसळतात, लांबच लांब ढीग रचतात आणि त्यांचे तापमान नोंदवतात. रोगजंतू मरावेत म्हणून उघड्यावरच्या ढिगाचे तापमान १५ दिवस किमान ५५ अंश सेल्सिअस राहिले पाहिजे आणि तेवढ्या काळात तो निदान ५ वेळा उलटला पाहिजे, असा नियम आहे. तयार खतात ४ मिलिमीटरहून मोठे काच, धातू किंवा प्लॅस्टिकचे तुकडे कोरड्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक चालत नाहीत. ही सगळी पगारी, शिकवून तयार केलेल्या माणसांची कामे आहेत.

आपल्याकडे २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५००० चौरस मीटरहून मोठ्या वसाहतींवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. बहिणीच्या सोसायटीने यंत्र घेतले आणि ते चालवण्याचे काम झाडलोट करणाऱ्या मावशींवर जादा म्हणून सोपवले. त्यांना ना हातमोजे दिले, ना शिकवले, ना पगार वाढवला. भाजीची देठे, उरलेला भात आणि आमटी तशीच आत गेल्यावर दुर्गंधी सुटणारच. ढीग नीट कुजायला एक भाग नत्राला (नायट्रोजनला) पंचवीस ते तीस भाग कर्ब (कार्बन) लागतो. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी जास्त, कर्ब कमी. हवा खेळायची बंद झाली की ढीग सडतो. म्हणून बादलीभर ओल्या कचऱ्यामागे निदान दोन बादल्या कोरडा, भरपूर कर्ब असलेला पाचोळा घालावा, आणि मूठभर मिश्रण घट्ट पिळल्यावर एखाद-दुसरा थेंबच पडावा, एवढा ओलावा पुरे.

हा पाचोळा पुण्यात कमी नाही. पानगळीच्या दिवसांत तो झाडून ढीग करतात आणि कित्येक ठिकाणी पेटवून देतात. एका कोपऱ्यावर कर्ब जळतो आहे आणि पलीकडच्या आवारात त्याच्याच अभावी कचरा सडतो आहे, हे इथून सुट्टीवर आल्यावर दर वेळी पाहवत नाही. शहरातले काही नागरिक पोती भरून पाने गरजूंपर्यंत पोहोचवतात. महापालिकेने हे काम अंगावर घ्यायला हवे.

शिवाय हे ज्ञान कॅलिफोर्नियातून आणावे लागत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांचे, भिंतींना हवेसाठी भोके ठेवलेले टाके बनवले, आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ पद्धत ओळखली जाते. तिचे बळच हे, की शेण थोडे लागते आणि काडीकचरा भरपूर वापरला जातो.

कॅलिफोर्नियाकडून घ्यावी अशी एक गोष्ट मात्र आहे. २०२२ पासून तेथील कायद्याने शहरांना लोकसंख्येच्या प्रमाणात खत किंवा ओल्या कचऱ्यापासून केलेली अन्य उत्पादने मिळवून वापरणे बंधनकारक केले. पुण्यातल्या सार्वजनिक बागांना सोसायट्यांचे चाळलेले खत घ्यायला लावले, तर ‘कोणी नेत नाही’ ही तक्रार उरणार नाही.

पुढच्या सर्वसाधारण सभेत यंत्र विकण्याचा ठराव येणार आहे. त्याआधी पाचोळ्याची पोती ठेवायला पार्किंगमधली एक जागा आणि मावशींना या कामाचे वेगळे वेतन, एवढे दोन विषय मांडावेत, असे मी बहिणीला कळवले आहे.