पंधरा मिनिटांच्या आतली चोरी

मंगळवारी सकाळी इथे जर्मनीत एस-बानमध्ये, म्हणजे लोकलमध्ये, उभा असताना दादाचा निरोप आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. एका आयटी कंपनीत साठ-सत्तर माणसं त्याच्या हाताखाली आहेत, आणि घरच्या ग्रुपवरही तो अधूनमधून आम्ही सगळे त्याच्या हाताखाली असल्यासारखा लिहितो. या वेळी विषय होता त्याच्या टीममधला एक मुलगा. ऑफिसात बसून मत्स्यालयांबद्दल वाचत असतो म्हणे. कोणत्या माशाशेजारी कोणता मासा नांदतो, पाण्याचा पीएच किती असावा, असलं. ‘कंपनी नऊ तासांचे पैसे मोजते,’ दादाने लिहिलं होतं, ‘त्यातली वीस मिनिटं माशांना दिली तर ती चोरी. वीस मिनिटांची असली तरी चोरीच.’ खाली अकरा अंगठे. त्यातला एक माझ्या बायकोचा.

निरोपावरची वेळ तिकडची, म्हणजे भारतातली, अकरा वीस. कामाचा वार, कामाची वेळ. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

मला राग का आला ते आधीच सांगून टाकतो. मी मासे पाळत नाही, मी शाईपेनांच्या निबांबद्दल वाचतो. शाळेत आम्ही निप म्हणायचो. माझं काम यंत्रांच्या नियंत्रणाचं सॉफ्टवेअर तपासण्याचं, आणि एक बिल्ड, म्हणजे कोडवरून चालणारा प्रोग्राम तयार होणं, पुरा व्हायला अठरा मिनिटं लागतात. त्या अठरा मिनिटांत, निबेच्या टोकावर बसवलेला कठीण धातूचा कण लोक घासून कसा चपटा करतात, बारा हजार नंबरच्या पॉलिश कागदावर इंग्रजी आठचा आकडा कितीदा गिरवतात, हे मी बघत असतो. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. म्हणजे दादाच्या हिशेबाने मी सराईत आहे.

आपल्याकडे गेली काही वर्षं तासांवरून जी हमरीतुमरी चालली आहे, ती मी इथून न चुकता वाचतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं नव्वद तासांचं बोलणं बाहेर आलं. रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असंही ते त्यात म्हणाले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची मर्यादा नऊ तासांवरून बारावर आणि दुकानं-आस्थापनांतली नऊवरून दहावर न्यायला मान्यता दिली. आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा तशीच राहील, असं त्याबरोबर सांगितलं गेलं. दुसऱ्या बाजूला सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये, आणि पुन्हा २०२५ मध्ये, ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. असली विधेयकं मंजूर होत नसतात, हे सगळ्यांना माहीत असतं.

या सगळ्या गदारोळात चोरी हा शब्द एकाच दिशेने वापरला जातो. रात्री साडेनऊला ‘पटकन एक कॉल घेऊ या’ म्हणणाऱ्या साहेबाने तुमची चाळीस मिनिटं नेली, तर त्याला कुणी चोर म्हणत नाही. त्याला ‘स्ट्रेच करणं’ म्हणतात. मासेवाल्या मुलाची वीस मिनिटं तेवढी चोरी.

मी तसं लिहिलं. थोडं जास्तच लिहिलं. इथे बेट्रीब्सराटच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या समितीच्या, संमतीशिवाय कर्मचाऱ्यांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवता येत नाही, दोन दिवसांच्या कामामध्ये सलग अकरा तासांची सुट्टी कायद्याने द्यावीच लागते, साडेचारनंतर आमच्या मजल्यावर दिवेसुद्धा जागे नसतात. आणि तरीही यंत्रं बनतात, विकली जातात, तुझ्याच क्लायंटच्या कारखान्यात चालतात. शिवाय जर्मनीत माणूस वर्षाला सरासरी १,३४० तासांच्या आसपास काम करतो, विकसित देशांत सर्वांत कमी, हा आकडाही चिकटवला. इथल्या अर्धवेळ नोकऱ्यांमुळे ती सरासरी खाली येते, ही गोष्ट गाळली.

गाळलेल्या गोष्टींची यादी तशी मोठी आहे. त्या महिन्यात मी जे ग्रुपवर लिहीत होतो, ते बघून एखाद्याला वाटावं की इथे ऑफिसात बसून वाट्टेल ते वाचलेलं चालतं. खरं म्हणजे दादाला जर्मन येत असतं तर त्याने मला चितपट केलं असतं. एरफुर्टच्या संघराज्य श्रम न्यायालयाने जुलै २००५ मध्येच म्हणून ठेवलंय की मालकाने स्पष्ट मनाई केली नसली, तरी कामाच्या वेळेत अति प्रमाणात खासगी सर्फिंग करणाऱ्याला नोटीस न देता काढून टाकता येऊ शकतं. इथे चोरी म्हणत नाहीत, करारातल्या मुख्य कर्तव्याचा भंग म्हणतात. शब्द थंड आहे, परिणाम तोच. आणि तास वाढवायची भाषा इथेही सुरू झाली आहे. चार दिवसांच्या आठवड्याने आणि वर्क-लाइफ बॅलन्सने देशाची समृद्धी टिकणार नाही, असं चान्सलर मेर्झ २०२५ च्या मे महिन्यात म्हणाले. ती बातमी मी ग्रुपवर टाकली नाही.

टाकली ती दुसरी. जुलै २०१७ मध्ये त्याच न्यायालयापुढे एका वेब डेव्हलपरचा खटला आला होता. कंपनीने त्याच्या संगणकावर कीलॉगर बसवून कळ न् कळ टिपली, ऑफिसात तो कंप्युटर गेम लिहितो आणि वडिलांच्या धंद्याची कामं करतो हे शोधून काढलं, आणि त्याला घरी पाठवलं. न्यायालय म्हणालं, ठोस संशय नसताना असली पाळत ठेवता येत नाही, हा पुरावा आम्ही बघणार नाही; बडतर्फी रद्द. दीडएक महिन्यानेच स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने रुमानियाच्या बर्बुलेस्कूच्या बाजूने निकाल दिला. ऑफिसच्या याहू मेसेंजरवरून भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी बोलला म्हणून त्याची नोकरी गेली होती. हे दोन्ही मी मराठीत, मोठ्या हौसेने लिहून काढलं. वर मेलबर्न विद्यापीठाच्या ब्रेंट कोकर यांचा २००९ चा अभ्यास ठेवला: ऑफिसच्या वेळेच्या एक पंचमांशापर्यंत इकडेतिकडे सर्फिंग करणारे लोक, अजिबात न करणाऱ्यांपेक्षा नऊ टक्के जास्त काम करतात.

दादाचं उत्तर लगेच आलं. ‘एक पंचमांश म्हणजे आठ तासांत शहाण्णव मिनिटं. छान. शहाण्णव मिनिटं मासे.’

दादा हिशेबाला पक्का आहे. लहानपणी पत्त्यांतही तो कुणाकडे काय उरलंय ते लक्षात ठेवायचा.

मग त्याने विचारलं, ‘तू इथे होतास तेव्हा काय करत होतास रे?’

भारतात होतो तेव्हा मी ऑफिसात रोज अकरा तास बसायचो. काम सहा-साडेसहा तासांचं असायचं. साहेब उठेपर्यंत उठायचं नाही एवढा एकच नियम होता, आणि तो कुठे लिहिलेला नव्हता. निम्म्या साइट बंद असायच्या, उरलेल्या निम्म्यांवर आम्ही दिवस काढायचो. माझ्या डाव्या हाताचं बोट स्क्रीन झटकन बदलणाऱ्या ऑल्ट-टॅबवर असायचं. पावलांच्या आवाजावरून कोण येतंय ते ओळखता यायचं, आणि स्क्रीनवर कायम एक एक्सेलची फाइल तयार असायची, तिच्यात काही नसलं तरी. शेजारच्या खुर्चीवरचा मित्र दुर्बिणींचं वाचायचा. दुर्बिणीचा आरसा घरी कसा घासतात ते मला त्याच्याकडूनच कळलं. निबेच्या नादाला मी लागलो तो त्या घासण्यामुळेच असावा. ते अकरा तास वाईट होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या तासांत आमच्या ओळीतल्या सहाजणांना एकमेकांचे छंद पाठ होते. कुणीतरी खुर्ची मागे ढकलून म्हणायचा, ‘अरे हे बघ’, आणि आम्ही बघायला जायचो.

इथे ‘हे बघ’ म्हणून कुणी बोलावत नाही. माझ्या मजल्यावर ऑल्ट-टॅब करणारा बहुधा मी एकटाच आहे. समोरचा सहकारी सकाळी सातला येतो, मान खाली घालून काम करतो, मध्ये एकदा जेवून येतो आणि साडेतीनला जातो. त्याला मॉडेल रेल्वेचा नाद आहे हे मला चौथ्या वर्षी कळलं, तेही तो त्यांच्या फेराइनचा, म्हणजे छंदाच्या मंडळाचा, खजिनदार झाल्यामुळे वार्षिक सभेसाठी सुट्टी मागत होता म्हणून. छंदाचं जे काय करायचं ते फायरआबेंडनंतर, म्हणजे दिवसाचं काम संपल्यावर, फेराइनमध्ये, वर्गणी भरून. त्यामुळे त्याला कामाच्या वेळेत ते उघडायची गरज पडत नाही. इथले लोक प्रामाणिक आहेत, असं मी ग्रुपवर लिहिलं होतं. प्रामाणिक असतीलही. पण त्यांच्याकडे संध्याकाळ आहे, हे जास्त खरं.

संध्याकाळ मलाही मिळते, साडेचारला. पेनांची मंडळी इथेही भेटतात. एकदा गेलो होतो. माणसं चांगली. ज्या देशात पेलिकानने १९२९ मध्ये दट्ट्याने शाई ओढणारं पेन काढलं, जिथे लामी २००० हे १९६६ चं पेन आजही तसंच बनतं, तिथे गप्पांना काय तोटा. अडचण माझ्या प्रश्नाची होती. मला हवी आहे देवनागरीची निब. रोमन अक्षरांसाठी टोक ज्या बाजूला तिरकं कापतात, त्याच्या उलट्या बाजूला आपला बोरू कापतात; अक्षराचं जाड-बारीक त्यावर ठरतं. बाजारातल्या तिरक्या निबा रोमनच्या हिशेबाच्या. त्यांनी लिहिलेला ‘ळ’ वाचता येतो, पण कुणीतरी दुसऱ्याच हाताने काढल्यासारखा दिसतो. हे मी तिथे जर्मनमध्ये समजावून सांगितलं, कागदावर काढून दाखवलं. सगळ्यांनी मन लावून ऐकलं, आणि एका बाईंनी अक्षर फार सजावटीचं आहे म्हणून कौतुक केलं. त्यांचं काही चुकलं नाही. मी परत गेलो नाही, एवढंच.

ज्यांना ‘ळ’ मधली अडचण सांगावी लागत नाही, ते चार-पाच लोक तिकडे भारतात आहेत. एक निवृत्त गृहस्थ आहेत, ते स्वतः निबा घासतात आणि घासलेल्या निबेने पाच ओळींचा कित्ता लिहून त्याचा फोटो टाकतात. ते सगळे संध्याकाळी साडेसहा-सातला ऑनलाइन जमतात. तेव्हा माझ्याकडे दुपारचे तीन-साडेतीन वाजलेले असतात, हिवाळ्यात तर दोन-अडीच. मी ऑफिस सुटल्यावर घरी पोहोचून संगणक उघडेपर्यंत तिकडे जेवणंखाणं, आवराआवर सुरू झालेली असते आणि गप्पा विझलेल्या असतात. मग जुने फोटो बघत बसायचं. मी कामाच्या वेळेत बघतो ते यासाठी. दादाला मी अठरा मिनिटांच्या बिल्डचं कारण सांगितलं, ते खरं आहे. पण बिल्ड मी अडीच-तीनच्या सुमारालाच लावतो, हे सांगितलं नाही.

तो चोरी म्हणाला तेव्हा मला सत्तर तास, नव्वद तास, कीलॉगर, स्ट्रासबुर्ग हे सगळं आठवलं. माशांची बाजू घ्यायला मी एवढा पसारा का मांडला हे त्यालाही कळेना. ‘अरे तुला कोण बोललंय?’ असं त्याने शेवटी विचारलं. खरंच मला कुणी बोललं नव्हतं.

तरी शब्द बुटातल्या खड्यासारखा टोचत राहिला, म्हणून परवा मी एक प्रयोग केला. तीन वाजता ग्लाइटत्साइटच्या, म्हणजे लवचीक कामाच्या वेळेची नोंद ठेवणाऱ्या, प्रणालीत रीतसर आउट झालो, जागेवरच बसून निवृत्त गृहस्थांचा नवा कित्ता बघितला, अकरा मिनिटांनी पुन्हा इन झालो. आता कुणाचंच देणं नको. दुसऱ्या दिवशी मनुष्यबळ विभागातल्या बाईंचा फोन. कायद्याप्रमाणे विश्रांतीचा एक तुकडा किमान पंधरा मिनिटांचा असावा लागतो, त्यामुळे माझी अकरा मिनिटं प्रणालीने विश्रांती म्हणून घेतलेली नाहीत, ती कामाच्या वेळेत परत जमा झाली आहेत. काही अडचण आहे का, प्रकृती ठीक आहे ना, असंही त्यांनी विचारलं.

मी हे दादाला कळवलं. त्याने बराच वेळ काही लिहिलं नाही, मग लिहिलं, ‘मग चार मिनिटं अजून बघायची होतीस.’ आणि थोड्या वेळाने वेगळ्या निरोपात, ग्रुपवर नाही, फक्त मला: ‘आपल्या शाळेतली निप मिळते का रे तिकडे? ती वर हिरवी टोपी असायची त्या पेनाची.’

मिळत नाही. पण निवृत्त गृहस्थांकडे असेल. आज तीन वाजता विचारतो.