परदेशातून : मार्चची सवलत आणि जूनचा वर्ग

दहावीचे फॉर्म भरायची वेळ आली की खान्देशातल्या शिक्षकांत आणि पालकांत तोच वाद पुन्हा पेटतो. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता (म्हणजे समज असूनही वाचन-लेखन अडणं) असलेल्या मुलांना तासाला 20 मिनिटं जादा, सांगितलेलं उत्तर लिहून घेणारा लेखनिक, गणितात सूट, हे रास्त की गुण पदरात पाडून घ्यायची पळवाट? अमेरिकेत बसून हा वाद ऐकताना एकच गोष्ट खटकते. भांडण सगळं मार्चचं असतं. जूनपासून वर्गात त्या पोराला काय मिळालं, हे दोन्हीकडचं कुणी विचारत नाही.

इकडे अपंग मुलांच्या शिक्षणासाठी 1975 पासून कायदा आहे. पालकांनी लेखी संमती दिली की साधारण 60 दिवसांत तपासणी होते. मग पालक, विषयशिक्षक आणि विशेष शिक्षक एकत्र बसून त्या एका मुलाचा वर्षभराचा आराखडा लिहितात. ‘वाचन सुधारेल’ एवढ्यावर भागत नाही. ‘विज्ञानाच्या पुस्तकातला 150 शब्दांचा उतारा ऐकून चारपैकी तीन प्रश्नांची बरोबर उत्तरं, लागोपाठ तीनदा’, असं लिहावं लागतं. सोळाव्या वर्षापासून शाळेनंतर काय, हेही त्यात येतं. अर्थात इथंही गेल्या वर्षीचं उद्दिष्ट तारीख बदलून चिकटवणारे महाभाग आहेत. आणि इथल्या केंद्र सरकारने 40 टक्के खर्च उचलायचं कबूल केलं होतं, ते आजवर कधी पाळलेलं नाही. त्यामुळे सगळंच उचलून आणा असं म्हणण्यात अर्थ नाही.

एक कलम मात्र जसंच्या तसं घ्यावं : चाचणी मुलाच्या स्वतःच्या भाषेत. अहिराणी घरातलं पोर ‘डोळा’ला ‘डोया’ आणि ‘मला’ला ‘माले’ लिहितं, ते दरवेळी तसंच लिहितं. तो त्याच्या बोलीचा नियम आहे, दोष नव्हे. एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिला जातो, जोडाक्षर आलं की वाचन अडतं आणि तोंडी उत्तर मात्र खणखणीत येतं, तिथं शंका घ्यावी. धडगाव-अक्कलकुव्याकडे उलटी चूक होते. पावरी किंवा भिली बोलणारं मूल मराठीत अडखळलं की ‘भाषेचा प्रश्न आहे’ म्हणून सोडून देतात आणि खरी अक्षमता दहावीपर्यंत झाकलेली राहते. त्याला गोष्ट त्याच्या बोलीत ऐकवून प्रश्न विचारा. समज चोख आहे, वर्ग बुडालेले नाहीत, तरी वाचन हलत नाही, असं दिसलं की तपासणीला पाठवा.

आपल्याकडे 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली. प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळतं, पण चौदाव्या वर्षी ते पुन्हा करावं लागतं, म्हणजे नेमकं आठवी-नववीत. जुन्या कागदावर विसंबलेला पालक इथंच फसतो. बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, चाचण्या हे एका फेरीत क्वचितच उरकतं, आणि सातपुड्यातल्या माणसाची दर फेरीला मजुरी बुडते. माध्यमिकला विशेष गरजा असलेल्या पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली सांगितलं. पद भरा म्हणून खरा आरडाओरडा व्हायला हवा तो इथं.

आणि तो लेखनिक! बहुतेक ठिकाणी परीक्षेच्या तोंडावर खालच्या वर्गातलं एखादं पोर शोधतात. ज्याने आयुष्यात उत्तर सांगून लिहवून घेतलेलं नाही, त्याला जादा तास मिळून काय उपयोग? दोघं गप्प बसून राहतात. सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. आधी प्रश्नाचा क्रमांक सांगायचा, मग मनात पूर्ण वाक्य जुळवायचं, ते सांगायचं, वाचून घ्यायचं आणि मगच पुढचं. गणितात ‘कंस सुरू’, ‘कंस बंद’, ‘छेदात’ असं म्हणायची सवय लागते. आकृतीत कुठली रेघ कुठून कुठं, हे शब्दांत सांगणं सगळ्यांत अवघड जातं. नववीच्या पहिल्या घटक चाचणीपासून लेखनिक दिला आणि शक्यतो तोच ठेवला, तर दहावीच्या सहामाहीपर्यंत जोडी जमते.