हात वर केला होता की मी

"काही कळत नाही गा, मुंगी चावल्यासारखं होतंय आणि संपलं." या वाक्यानं माझं डोकं फिरलंय. अक्कलदाढ काढायची आहे म्हटल्यावर हे मला शेजारच्या काकांनी सांगितलं, कंपनीतल्या सुपरवायझरनं सांगितलं, मेव्हण्यानं सांगितलं आणि शेवटी खुद्द डॉक्टरांनी सांगितलं. यातल्या एकाचीही आडवी दाढ कधी निघालेली नाही. काकांच्या तर सगळ्या दाढा हलून हलून आपोआप पडल्यात. मेव्हण्यानं एकदा दात साफ करून घेतले होते, तेवढ्यावर तो जाणकार.

सरळ उगवलेली दाढ काढणं आणि जबड्यात आडवी झोपलेली दाढ काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. सरळ असली की चिमट्यात धरून, हलवून, ओढून काढतात. आडवी असली की आधी हिरडी कापायची, मग वरचं हाड ड्रिलनं कोरायचं, मग दाढेचे तुकडे करायचे, एकेक तुकडा उचकटून बाहेर काढायचा आणि वरून टाके घालायचे. हे ऑपरेशन आहे. माझ्या ओपीजी एक्स-रेत, म्हणजे सगळा जबडा एकत्र दिसतो त्या एक्स-रेत, दाढ पुढच्या दाढेच्या अंगावर डोकं टेकून निवांत पडलेली दिसत होती, मुळं खालच्या नसेच्या अगदी जवळ. एवढं सगळं पडद्यावर दिसत असताना "मुंगी" म्हणायचं म्हणजे धाडसच लागतं.

मी विचारलं, साधं विचारलं, की डॉक्टर, थोडी झोप आणून करता येत नाही काय? सगळी खोली हसली. डॉक्टर हसले, खुर्चीशेजारची बाई हसली, बाहेर बसलेला पेशंटसुद्धा हसला. "दाढेला कुणी झोपवतंय काय? डिलिव्हरी आहे काय तुमची?" असं ऐकवलं वर. मोठा माणूस, बाप्या, आणि दाढेला भितोय!

भितोय तर भितोय. दातांच्या दुखण्यावर गुंगी शोधणारा माणूस स्वतः दातांचा डॉक्टर होता. अमेरिकेत होरेस वेल्सनं डिसेंबर १८४४ मध्ये हसवणारा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. म्हणजे हा शोध लागला तोच मुळी दाढेपायी. त्यानंतर पावणेदोनशेच्या वर वर्षं झाली. आज हा वायू नाकावरच्या मास्कमधून देता येतो, शिरेतून औषध देऊन पेशंटला पेंगुळलेला ठेवता येतो, त्यासाठी भूलतज्ज्ञ बोलावता येतो. खर्च वाढतो, सगळीकडे सोय नसते, मान्य. पण "आमच्याकडे नाही, मोठ्या हॉस्पिटलात होतं, एवढे पैसे लागतील, बघा" एवढं सांगायला काय जातंय? मी हिशेब करून नाही म्हटलं असतं, कदाचित. पण ते नाही माझ्या तोंडून यायला पाहिजे होतं, त्यांच्या हसण्यातून नव्हे.

आणि हेही सांगून टाकतो, नुसत्या जागेवरच्या भुलीत दाढ काढणं चुकीचं आहे असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडं बहुतेकांच्या दाढा तशाच निघतात आणि नीट केलं तर नीट निघतात. माझा राग आहे तो नीट न करण्यावर.

भुलीचं इंजेक्शन म्हणजे लिग्नोकेन, दोन टक्के, सोबत थोडं ॲड्रिनलिन, म्हणजे रक्त कमी येतं आणि औषध जास्त वेळ टिकतं. खालच्या दाढेसाठी ते जबड्याच्या पार मागं, नस हाडात शिरते तिथं द्यावं लागतं. ओठ अर्धा जड होतो. पण ओठ जड झाला म्हणजे दाढ बधिर झालीच असं नाही. गालाकडच्या हिरडीची नससुद्धा वेगळी, तिला वेगळी सुई लागते. त्यात दाढेभोवती सूज किंवा पू असेल तर तिथला भाग आंबट होतो आणि भूल नेहमीसारखी चढत नाही. हे मी कुठल्या गुप्त पोथीत वाचलेलं नाही, दातांच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ठाऊक असतं. माझी हिरडी आधीपासून सुजलेली होती, दाढेवरच्या पापुद्र्याखाली शिळं अन्न अडकून घाण वास यायचा, त्यासाठीच तर गेलो होतो.

तरी काय झालं? सुई दिली, बाहेर जाऊन फोनवर बोलून आले आणि विचारलं, "ओठ जड झाला काय?" झाला म्हटलं. संपली तपासणी.

मी बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर काम करतो. जॉब, म्हणजे कापायचा लोखंडी तुकडा, वाइसच्या पकडीत नीट बसलाय की नाही हे हातानं हलवून बघितल्याशिवाय आम्ही टूल लावत नाही, आणि लोखंडाला तर कळ येत नाही. इथं जिवंत माणूस खुर्चीत आहे, हिरडीला टोचून "हे कळतंय काय, हे कळतंय काय" एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

ड्रिल सुरू झालं की आवाज कानातून येत नाही, हाडातून डोक्यात येतो. जळक्या दाताचा वास येतो. सलाइनचं गार पाणी घशात जातं आणि ते ओढून घेणारी नळी तुमच्या जिभेला चिकटून बसते. हे सगळं सहन होतं, खरंच होतं. मग ड्रिल कुठल्यातरी जागी पोचलं आणि कानापासून हनुवटीपर्यंत वीज गेली. डोळ्यांतून पाणी आलं, पायाची बोटं बुटात आवळली गेली.

सुरुवातीला मला सांगितलं होतं, दुखलं तर डावा हात वर करा. मी केला. खुर्चीशेजारच्या बाईनं तो धरला आणि खाली ठेवला. अगदी प्रेमानं, लहान पोराचा ठेवतात तसा. मी परत वर केला. तिनं परत ठेवला आणि या वेळी धरूनच राहिली. डॉक्टर तिला कन्नडमध्ये म्हणाले, "हिडी, हिडी," म्हणजे धर, धर. मला मराठीत म्हणाले, "पेन नाही हो, फक्त प्रेशर आहे."

फक्त प्रेशर!

प्रेशर राहतं, मला मान्य आहे. भूल कळ नेणाऱ्या बारीक तंतूंना आधी गप्प करते, दाब नेणारे जाड तंतू जागे राहू शकतात, त्यामुळं ढकलल्यासारखं, ओढल्यासारखं कळणारच. पण दाब कुठला आणि कळ कुठली हे ज्याच्या तोंडात ड्रिल आहे त्याला कळतंय की हातमोजे घातलेल्याला? तोंड आ केलेलं, जिभेवर नळी, बोलता येत नाही. मला त्या खोलीत एकच भाषा ठेवली होती, हात वर करण्याची. ती पण दाबून धरली.

थांबून अजून अर्धी सुई मारली असती तर काय बिघडलं असतं? शेवटी मारलीच की त्यांनी! मी मान हिसडली, ड्रिल जवळजवळ गालात गेलं, तेव्हा चिडून मारली. आणि त्यानंतर? त्यानंतर खरंच काही कळलं नाही. दाढ कट्टकन दुभंगली, तुकडे ट्रेमध्ये टाकल्याचा आवाज आला, काळ्या रेशमाचे टाके पडले. तेवढ्या एका सुईसाठी मला घामानं भिजवलं, आणि वर "एनू आगंगिल्ल, एनू आगंगिल्ल", काही होत नाही, काही होत नाही, म्हणत खांद्यावर थोपटलं. ज्याला व्हायचं होतं त्याला होऊन गेलं होतं.

फॉर्मची गंमत वेगळीच. सही आधीच घेतली होती. इंग्रजीत बारीक अक्षर, खाली कन्नड. कन्नड शाळेत होतं, अक्षरं जुळवत वाचतो मी, पण काउंटरवरची मुलगी बोट ठेवून "इथं सही करा" म्हणत असताना कोण जुळवत बसणार? मराठीचा पत्ता नाही. आता यावर तोंड उघडलं की आमच्या गावात सीमावादाची १९५६ पासून सुरुवात होते, आणि महाराष्ट्राचा २००४ चा दावा सुप्रीम कोर्टात आहेच. त्या भांडणात मला आत्ता पडायचं नाही. कुठल्याही भाषेत चालेल, तोंडी सांगितलं तरी चालेल, पण खालच्या नसेला धक्का लागला तर ओठ महिनोन् महिने बधिर राहू शकतो हे माणसाला सुईच्या आधी कळायला नको? मी ते घरी येऊन वाचलं. बिल मात्र मराठीत समजावून सांगितलं, एकेक आयटम, शंका राहू नये म्हणून दोनदा. विम्यात बसत नाही हेही लगेच सांगितलं.

तोंडात बोळा दाबून धाकट्या भावाच्या गाडीवर मागं बसून निघालो. दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलो, कारण माझं नशीब. बाजूला ओळखीचा एक जण येऊन थांबला. मी बोलत नाही, ओठाच्या कडेला लाल, गाल फुगलेला. "काय गा, सकाळी सकाळी पान?" थुंकायचं नाही म्हणून बजावलेलं, बोळा काढायचा नाही, हसलो तर ओठाची एकच बाजू वर जाते. गाडी येईना, गेट उघडेना, आणि तो बोलायचा थांबेना.

मग घरी माणसं. बेळगावात माणूस आजारी पडला की गोड खाऊ येतो. एकानं कुंदा आणला, तो तरी मऊ, देव त्याचं भलं करो. दुसऱ्यानं गोकाकचं करदंट आणलं. करदंट! डिंक, गूळ, सुकामेवा, चांगल्या दातांची परीक्षा बघणारा पदार्थ, टाके घातलेल्या, दोन बोटं तोंड न उघडणाऱ्या माणसाला. आणि समोर बसून स्वतःच खाल्लं त्यानं निम्मं. निपाणीचे मामा आले ते चिमूटभर तंबाखू घेऊनच, "गालात धर, कळ मरते." टाक्यांच्या जागी तंबाखू! निपाणीच्या मातीत जन्मलेल्या माणसाला तंबाखूशिवाय औषध सुचतच नाही. त्यांच्या घरी निम्मी माणसं अजून मिश्रीनं दात घासतात.

दोन-तीन दिवसांनी सूज उतरायला लागली आणि तेव्हाच नवीन कळ सुरू झाली, कानात शिरणारी, गोळीला न जुमानणारी. क्लिनिकला फोन केला. "ऑपरेशन केलंय, दुखणारच." दुसऱ्या दिवशी परत केला. "तंबाखू खाल्ला असशील." मामांचा तंबाखू मी शिवला नव्हता, सुपारीसुद्धा खात नाही. शेवटी जाऊन बसलो तेव्हा बघितलं: दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेली होती, आतलं हाड उघडं. ड्राय सॉकेट म्हणतात याला. खालच्या अक्कलदाढेनंतर बऱ्यापैकी होणारी गोष्ट, आणि व्हायची तर याच दिवसांत होते. खड्डा धुतला, लवंगेच्या तेलाची पट्टी भरली, थोड्या वेळात कळ उतरली. चहा पिऊन व्हायच्या आत होणारं काम. त्यासाठी मी रात्रभर भिंतीला गाल लावून बसलो, कारण फोनवरच्या माणसाला खात्री होती की मी नाटक करायलोय.

हीच खात्री मला सगळीकडं भेटली. खुर्चीत, फोनवर, घरात. दुखतंय म्हटलं की समोरचा आधी तुमचं वय बघतो, मग मिशा बघतो आणि मग ठरवतो की दुखत नाही. सुपरवायझरनं तर सुट्टीच्या अर्जावर विचारलं, "एका दाढेला एवढी रजा?" त्याला तोंड उघडून टाके दाखवले, तर म्हणतोय बंद कर, जेवायचंय मला.

आता क्लिनिकातून फोन आलाय, दुसऱ्या बाजूची दाढ पण आडवी आहे, कधी येताय. सूज नसताना येतो म्हटलं. सुईनंतर हिरडी टोचून बघायची, हात वर केला की ड्रिल बाहेर घ्यायचं, परत सुई द्यायची, आणि झोपवून करायला कुठं जमतं, किती लागतं ते आधी सांगायचं. जमत असेल तर तुमच्याकडे, नाहीतर दुसरीकडे. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, एवढं काही नसतंय हो, मुंगी चावल्यासारखं..." मी तिला विचारलं, तुमची निघाली आहे काय? नाही म्हणाली. मग तुम्ही बसा खुर्चीत, तुमच्यानंतर काका, मेव्हणा आणि सुपरवायझर. चौघांचंही बिल मी भरतो.