पळसदेवचं २०५० साल

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी ओसरलं की त्यात बुडालेल्या पळसदेव गावाचं जुनं देऊळ वर येतं आणि गावाकडच्या ग्रुपांवर ठरलेला वाद पेटतो: देऊळ किती जुनं, बांधलं कुणी? धरण झालं नसतं तर त्या गावात आज काय असतं, हे कुणी विचारत नाही. इथे न्यूयॉर्कमध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने सेनेका व्हिलेज या उठवलेल्या वस्तीबद्दल अशाच प्रश्नावर २०२१ मध्ये एक अख्खी खोली उभारली.

सेनेका व्हिलेज ही न्यूयॉर्कमधलीच, मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती. १८२५ मध्ये अँड्र्यू विल्यम्स यांनी १२५ डॉलरला तीन भूखंड घेतले, तिथून ती वाढली. १८५५ पर्यंत सव्वादोनशेच्या आसपास माणसं, तीन चर्च, शाळा. कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचं तर २५० डॉलरची मालमत्ता लागे, म्हणून जमिनीचा तुकडा म्हणजे मताचा हक्क. १८५७ मध्ये सेंट्रल पार्कसाठी वस्ती उठवली.

ती उठलीच नाही असं धरून संग्रहालयातली ही खोली रचली आहे. लाकडी घर, मधोमध चूल नि धुराडं, पाच बाजूंचा टीव्ही. भिंतीच्या कागदावर वस्तीचा नकाशा आणि भेंडीची झाडं. भेंडी आफ्रिकेतून गुलामगिरीच्या वाटेने अमेरिकेत आली. एवढा इतिहास त्या नक्षीत मुरला आहे. २०११ च्या उत्खननात तिथे लोखंडी किटली आणि लहान मुलाचा चामडी बूट सापडला होता.

आफ्रोफ्युचरिझम म्हणजे हे: कृष्णवर्णीयांचा तुटलेला इतिहास हाती धरून त्यांचं भविष्य कल्पायचं. अमेरिकी समीक्षक मार्क डेरी यांनी हा शब्द १९९३ मध्ये वापरला, पण जॅझ संगीतकार सन रा १९५० च्या दशकातच अंतराळाचं संगीत वाजवत होते. अंतराळयानात काळा चेहरा बसवला की काम झालं, असं मुळीच नाही. आधी धागा तुटला ते साल आणि ती जागा पक्की करायची, कागदपत्रं नि वस्तू गोळा करायच्या, मग तिथून पुढे न्यायचं. पुरावा पातळ असला की नुसती चमकदार वेशभूषा उरते.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. सेनेका व्हिलेज बाहेरच्यांनी मोडलं. आपलं गाव धरणाआधीच आतून तुटलेलं होतं, गावठाण एकीकडे, दलितवस्ती दुसरीकडे. ते जसंच्या तसं पुढे नेलं तर जातही २०५० ला पोहोचते. १९७२ मध्ये दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेचं नाव घेतलं ते ही तूट ओळखूनच. म्हणून पळसदेवचं २०५० साल रेखाटायला बसाल तर पहिली रेघ पाणवठ्याची ओढा. तिथे कोण कोण पाणी भरतं हे ठरेपर्यंत सौर पॅनल आणि ड्रोन काढू नका.