मोनोक्लोनल प्रतिपिंड आणि उरलेली परस्पर-अभिक्रिया : एका आक्षेपाला उत्तर

उंदरांच्या ऊतक-सुसंगती प्रतिजनांबाबत (पेशीपृष्ठावरचे, आपले-परके ठरवणारे रेणू) दिसणारी परस्पर-अभिक्रिया, म्हणजे एका वंशाविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्या वंशाच्या पेशींनाही चिकटणे, ही केवळ सीरमची अशुद्धता होती आणि मोनोक्लोनल प्रतिपिंड आल्यावर तो प्रश्न मिटला, असा आपला आक्षेप आहे. त्याचा पहिला भाग अर्धा खरा आहे. दुसरा मला मान्य नाही.

एका वंशाच्या उंदराला दुसऱ्या वंशाच्या पेशी टोचून मिळवलेल्या सीरममध्ये अनेक प्रतिपिंडांची सरमिसळ असते, हे खरेच. काही फक्त बी हॅप्लोटाइपच्या (एकत्र वारशाने येणाऱ्या या जनुकांच्या एका संचाच्या) रेणूंना चिकटतात, तर काही बी आणि डी दोन्हींना. त्यामुळे डीच्या पेशींनी ते सीरम शोषून घेतले की डीवरची अभिक्रिया जाते आणि बीवरची उरते. पण शोषणात जे निघून गेले त्याला मळ का म्हणायचे? दोन्हींतला समान भाग नेमका ओळखणारे प्रतिपिंडच ते होते.

आता २८-१४-८ हा मोनोक्लोनल प्रतिपिंड पाहा. तो एकाच पेशीच्या वंशजांनी तयार केलेला असल्याने सरमिसळीला जागाच नाही. तरीही तो बी हॅप्लोटाइपच्या सी५७बीएल/६ उंदरांच्या डीबी रेणूला चिकटतो आणि डी हॅप्लोटाइपच्या बाल्ब/सी उंदरांच्या एलडी रेणूलाही (अशा नावांत पहिले अक्षर रेणूचे, दुसरे हॅप्लोटाइपचे). जनुकांचे तुकडे अदलून-बदलून घडवलेल्या संकरित रेणूंवर तपासल्यावर त्याची पकड पेशीपटलालगतच्या आल्फा-३ क्षेत्रावर असल्याचे आढळले. वंशावंशांतले बहुतेक फरक असतात ते वरच्या दोन क्षेत्रांत, पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) धरणाऱ्या खोबणीच्या आसपास; म्हणून खालचा हा भाग दोन्हींत समान असू शकतो.

माझी चूक वेगळीच आहे, आणि ती आपल्या नजरेतून सुटली. ‘दोन्ही वंशांत एकच प्रतिजन आहे’ असे मी लिहिले होते. तिथे ‘समान एपिटोप आहे’ असे हवे होते; एपिटोप म्हणजे प्रतिपिंड चिकटतो तो रेणूचा छोटा भाग. हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. बीएम-१ या उत्परिवर्तित उंदरांच्या केबी रेणूत १५२, १५५ आणि १५६ या स्थानांवरची अमिनो आम्ले तेवढी बदललेली आहेत, आणि केबीविरुद्धच्या अनेक प्रतिपिंडांना तो फरक कळत नाही. मूळ वंश आणि बीएम-१ यांच्यातले त्वचेचे कलम मात्र नाकारले जाते; म्हणजे एपिटोप समान असला तरी रेणू एकच असतो असे नाही.

२८-१४-८ च्या बाल्ब/सी पेशींवरच्या क्षीण अभिक्रियेला आपण ‘गोंगाट’ म्हटले आहे. परंतु पेशीच्या पृष्ठभागावर एलडीचे रेणू केडी आणि डीडी यांच्या मानाने मुळातच कमी असतात, त्यामुळे पकड खरी असूनही संकेत फिका पडू शकतो. २८-१४-८ हा के हॅप्लोटाइपच्या सी३एच उंदरात तयार झालेला असल्याने, म्हणजे त्या उंदराच्या स्वतःच्या पेशींना चिकटू नये असा असल्याने, याच चाचणीत सी३एच पेशीही लावून पाहाव्यात. त्या कोऱ्या राहिल्या आणि बाल्ब/सी पेशी फिक्या का होईना रंगल्या, तर त्याला गोंगाट म्हणता येणार नाही.