आपलीच सावली पळून जाते तेव्हा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया झोंबली, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं की 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या जुन्या कॉम्प्युटर गेममधले माझे लाडके प्रसंग म्हणजे नौपाड्यातल्या कॉम्प्युटर क्लासच्या आठवणी. गेम सुमार, तंत्र मागास, गोड होतं ते वय. शिवाय तिसऱ्या लेव्हलचा सांगाडा कितीही वार केले तरी मरत नाही, म्हणजे गेमच बिघडलेला.

सांगाडा मरणारच नाही हो! त्याला रेटत रेटत कडेपर्यंत न्यायचं आणि खाली पाडायचं. तलवार हाती आली की सगळं सुटतं असं वाटू लागतं, तेवढ्यात गेमचा कर्ता जॉर्डन मेकनर नियम बदलतो.

आरशाचंही तेच. चौथ्या लेव्हलला दार उघडून परत फिरावं, तर मघाशी मोकळ्या असलेल्या वाटेत आरसा उभा. पळत येऊन त्यात उडी घ्यायची. आपण पलीकडे पोचतो तेव्हा जीव एकच उरलेला असतो, आणि आपलीच सावली उलट दिशेनं पळून जाते. पुढे ती आपल्यासमोर औषध पिऊन टाकते, ऐन वेळी दार पाडते. बाराव्या लेव्हलला समोर येते, आणि तिच्यावर वार केला की जखम आपल्याला. ६० मिनिटांतली थोडीच शिल्लक, आणि करायचं काय, तर तलवार म्यान!

आता मागास तंत्राबद्दल. १९८९ची मूळ आवृत्ती ॲपल टू या मशीनसाठी होती. मेकनरनं धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून व्हिडिओ काढला आणि फ्रेममागून फ्रेम उतरवून राजपुत्र घडवला. त्यातच मेमरी भरली. शत्रूच्या वेगळ्या चित्रांना जागा उरली नाही. मग राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून त्याच चित्रांशी एक्सॉर केली (म्हणजे दोन्ही चित्रं ताडून जिथं फरक तेवढंच ठेवलं), तर एक लुकलुकणारी आकृती उमटली. तीच ही सावली. मेमरी ऐसपैस असती तर आणखी एखादा दाढीवाला शत्रू मिळाला असता, इतकंच.

'डेंजरस डेव्ह' या त्या काळच्या दुसऱ्या गेमबाबत मात्र तुमचा आरोप बिनशर्त मान्य. तिथं निव्वळ आठवणीच आहेत.

घोडबंदर रोडच्या माझ्या भाचीला फ्लॉपी काय ते ठाऊक नाही. तिला हा गेम ब्राउझरमध्ये लावून दिला, तर आधी ग्राफिक्सला हसली. सावली पळाल्यावर म्हणाली, "मामा, हा आपलाच माणूस ना? मग गेला कुठे?" तिचं कुठलं बालपण आलं मध्ये?

पुन्हा लावून बघा. सांगाडा पाडलात की पुढचीच लेव्हल आरशाची. बाराव्यात तलवार म्यान करायला खालच्या बाणाची कळ लक्षात ठेवा. त्याआधी अडकलात तर इथंच लिहा.